पिवळं हेल्मेट

"संपलं," ऊर्सुलामावशी म्हणाली.

तिच्या पाठीमागच्या फळ्यांवर राय धान्याचे काळसर पाव ओळीनं उभे होते. खसखशीची वेटोळी अजून वाफाळत होती आणि काचेखालच्या ताटांत जे रोज असतं ते सगळं रोजच्या जागी होतं. सेवेरिन बियेलाकला वाटलं, आपणच काहीतरी भलतं मागितलं असणार. म्हणून त्यानं पुन्हा, जरा मोठ्यानं मागितलं. एक अख्खा रायचा पाव, चार वेटोळी. मावशीनं पिठाचे हात एप्रनला पुसले आणि त्याच्या डोळ्यांत बघत, अजिबात न रागावता, कुणी पत्ता विचारल्यावर सांगावं तशा आवाजात सांगितलं, "तुझ्यासाठी संपलं, सेवेक. सरक बाजूला, मागे माणसं उभी आहेत." मागे खरंच माणसं उभी होती. रविवार सकाळची रांग, चर्चचे कपडे, प्रत्येक जण आपापल्या बुटांकडे बघणारा. फक्त टोपीवाल्या एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. "का हो, तिकडं झार्नूवला पाव भाजत नाहीत का?" सेवेरिन वळला. "भाजतात की. पण आतून कच्चा राहतो. तिथल्या पोरांच्या शर्यतीतल्या स्टार्टसारखा." रांग हसली. मावशीचासुद्धा ओठ हलला, पण तिनं तो लगेच आवरला आणि पुढच्या बाईला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

बाहेर सप्टेंबरचं स्वच्छ ऊन होतं. हसवून बाहेर पडलो म्हणजे जिंकून बाहेर पडलो, असं त्यानं स्वतःला बजावलं. कोपऱ्यापर्यंत ते खरंही वाटलं. मग वाटेनासं झालं. आयुष्यात कमी शिव्या खाल्ल्या होत्या असं नाही. परगावच्या स्टेडियमवर दहा-बारा हजार माणसं एका सुरात त्याच्या आईवरून बोलली होती, बियरचे पेले उडत आले होते, एकदा तर कुणीतरी अख्खा कोबी फेकला होता, आणि त्यानं तो हवेत झेलून मेकॅनिकच्या हातात दिला होता. तेव्हा अंगावर कधी काटाही आला नव्हता. 'संपलं' हा एक शब्द मात्र गॉगलच्या कडेतून शिरलेल्या खड्यासारखा डोळ्यात जाऊन बसला. दिसायला काही नाही, पण पापणी मिटली की बोचतो. तो चालत राहिला, आणि लक्षात आलं की आपण हात खिशात घालून चाललो आहोत. आपण कधीच हात खिशात घालून चालत नाही.

"बूट न काढता स्वयंपाकघरात आलायस," त्याची बायको मल्विना म्हणाली. ती खिडकीशी बसून नखं कापत होती.

"ऊर्सुलामावशीनं पाव दिला नाही."

"मग? बटाटे आहेत."

"तुला हसू येतंय?"

"थोडं येतंय. सगळं शहर जानेवारीपासून तुला काय काय म्हणतंय, ते तू कुस्करून खिशात टाकलंस. आणि पाववाल्या बाईनं तोंड फिरवलं तर तुझा चेहरा उतरला." तिनं कात्री ठेवली. तो पाणी प्यायला आणि मग म्हणाला, "आजच्या सामन्यात मी तिला तिचे शब्द गिळायला लावतो." मल्विनानं मान हलवली. त्याचं असं बोलणं तिच्या ओळखीचं होतं. त्यातलं नव्वद टक्के तो करून दाखवायचा, म्हणून तर ती या माणसाशी टिकली होती.

चौदा वर्षं तो आपल्या शहराच्या, वार्तोवच्या क्लबसाठी धावला होता. सोळाव्या वर्षी क्लबच्या शाळेत पहिल्यांदा स्पीडवेच्या, खडीच्या गोल ट्रॅकवर धावणाऱ्या मोटारसायकलवर बसला, तेव्हा कोचनं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. "हिला ब्रेक नाहीत, त्यामुळं शोधू नकोस. आणि भीती वाटली की गॅस सोडावासा वाटेल. तेव्हा नेमका दे." बाकी सगळं त्याच्या शरीरानं स्वतः शोधून काढलं. डाव्या बुटाखाली बांधलेलं लोखंड खडीवर टेकायचं, मागचं चाक उजवीकडे सुटू द्यायचं, पुढचं चाक उलट्या दिशेला वळवायचं आणि अख्खी गाडी आडवी घालून वळण खेचायचं. लोकांना वाटतं रायडर गाडी धरून ठेवतो. प्रत्यक्षात तो तिला सतत निसटू देत असतो, फक्त पूर्ण निसटू देत नाही. हे सांगता येत नाही, दाखवता येतं. पहिल्या महिन्यात गळपट्टीचं हाड मोडलं, दुसऱ्या वर्षी तेच परत, आणि पुढं मनगटं, बरगड्या, एकदा माकडहाड. दवाखान्यातल्या नर्सेस त्याला नावानं ओळखायच्या. मंगळवारी स्वीडनला, गुरुवारी इंग्लंडला, रविवारी घरी, मध्ये बोटीवर आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर झोप. एरंडेल मिसळलेल्या जळक्या इंधनाचा वास त्याच्या केसांतून कधी गेलाच नाही. मल्विना पहिल्या भेटीत म्हणाली होती, तुझ्या डोक्याला बदाम भाजल्याचा वास येतो. त्या वर्षी तो तेवीस वर्षांचा होता आणि या शहरात त्याला रस्ता ओलांडायला वेळ लागायचा, इतके लोक हात मिळवायला थांबायचे.

आणि त्या सगळ्या वर्षांत, त्याच्या डाव्या हाताला, आतल्या बाजूला, रेमेक होता. रेमिगियुश दोलाता. चष्मिस, हडकुळा, सुताराचा मुलगा. ट्रॅकच्या आतल्या पांढऱ्या रेघेला चिकटून, जणू रेघेवर बोट ठेवून वाचतोय असा तो जायचा. सेवेरिन बाहेरून, लाकडी कुंपणाच्या कडेनं, जिथं चाकांनी उडवलेली ओली खडी साचते आणि चाक चावा घेतं तिथून. दोघांमध्ये एका गाडीची जागा. त्या जागेत कुणी घुसायचं नाही, घुसला तर दोघांनी मिळून ती बंद करायची. यावर ते कधी बोलले नाहीत. रेमेकच्या खांद्यावरून सेवेरिनला कळायचं की तो आता गॅस देणार आहे. सेवेरिनच्या इंजिनच्या आवाजावरून रेमेकला कळायचं की आता वळून बघायची गरज नाही. नवरा-बायकोत जे व्हायला वीस वर्षं लागतात ते त्यांच्यात दोन मोसमांत झालं होतं.

मग तो जानेवारीत झार्नूवच्या क्लबकडे का गेला? पैशासाठी, असं वार्तोवनं ठरवलं, आणि त्यानं ते खोडून काढलं नाही. खरं कारण सांगितलं असतं तर लोक आणखी चिडले असते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कंबरेचं हाड मोडलं, त्यातून तो उठून परत आला तेव्हा तिसरा यायला लागला. एकदा नव्हे, रोज. आणि लोक टाळ्या वाजवायचे. उभं राहून वाजवायचे. तिसरा येऊन तो पिटमध्ये, गाड्यांच्या तळावर, शिरायचा आणि स्टँडवरून "सेवेक! सेवेक!" असा मऊ, मायेचा गजर यायचा, आजारी माणसाला सून दूध आणून देते तशा आवाजाचा. एक दिवस फाटकाशी एका गृहस्थानं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "तुम्ही नुसते येऊन उभे राहिलात तरी आम्हाला पुरे." सेवेरिननं हसून आभार मानले. गाडीत बसल्यावर त्याला उलटी आली. आपलं काहीतरी संपलं आहे आणि हे सगळे ते चांगुलपणानं लपवत आहेत, असं त्याला वाटलं. त्याच्या मते तर संपलेलं नव्हतं. मनगटात सगळं शाबूत होतं. पण कुणी काही मागतच नसेल तर ते मनगटातून बाहेर यायचं कसं? झार्नूवच्या लोकांनी त्याला वर्षानुवर्षं मनापासून झोडपलं होतं. तिथून विचारणा झाली तेव्हा त्यानं आकडा नीट ऐकलासुद्धा नाही. तिथं तिसरा आलास तर तुला कुणी माफ करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि तेवढं त्याला पुरेसं होतं.

हे त्यानं एकाच माणसाला सांगितलं होतं. रेमेक सुतारकामाच्या शेडमध्ये बापाच्या रंध्यावर पातं बसवत होता. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "लोक जीव लावतात, तर तुला खाज का सुटते रे?" सेवेरिन म्हणाला, "जीव लावत नाहीत, निरोप देतायत." रेमेकनं पात्याची धार बोटानं तपासली. मग म्हणाला, "ठीक आहे. जा." आणि जानेवारीपासून आजपर्यंत त्यानं फोन उचलला नव्हता.

दुपारी बारा वाजता तो बापाकडे जेवायला गेला. ते चुकणं शक्य नव्हतं. आई गेल्यापासून दर रविवारी आलोयझी बियेलाक स्वतः कोंबडीचं सूप करायचा, शेवया स्वतः कापायचा आणि मुलगा पाच मिनिटं उशिरा आला तर ताटावर झाकण घालून बसायचा. तीस वर्षं त्यानं ट्राम चालवली होती. त्याच्या जगात रूळ होते आणि वेळापत्रक होतं, आणि आपल्या पोटी असा आडवा चालणारा मुलगा कसा आला याचं त्याला अजून नवल वाटायचं. खुर्चीच्या पाठीवर वार्तोवचा हिरवा मफलर होता. इस्त्री केलेला. इस्त्रीची घडी स्पष्ट दिसत होती. सेवेरिननं मफलर बघितला आणि चमचा उचलला.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"गाजर जास्त शिजलंय."

"नाही, बाबा, छान झालंय."

म्हातारा सूप पिताना डोळे मिटायचा, आजही मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलला, "मी माझ्या जागेवर बसणार आहे. अख्ख्या मोसमाचं तिकीट मार्चमध्येच काढलंय."

"मी कुठं काय म्हणालो?"

"म्हणत नाहीस म्हणून तर सांगतो. तुला वाटेल, म्हातारा आज डोकं दुखतंय म्हणून घरी बसेल. नाही दुखत माझं डोकं."

सेवेरिन शेवया गिळत म्हणाला, "बसा की. जागा चांगली आहे. तिथून दुसरं वळण दिसतं."

"दिसतं म्हणून तर तिथं बसतो इतकी वर्षं." बापानं डोळे उघडले. त्यात माया होती का राग होता, हे सेवेरिनला आयुष्यभर कळलं नव्हतं. त्याच डोळ्यांनी तो पूर्वी सिग्नलकडे बघायचा. "आणखी घे. कोंबडी शेतावरची आहे."

निघताना त्याला विचारायचं होतं. काय, ते नेमकं ठाऊक नव्हतं. जानेवारीपासून बापानं त्याच्या जाण्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि सेवेरिननं ते गप्प बसणं संमती मानलं होतं, कारण ते सोयीचं होतं. आज सकाळच्या त्या एका शब्दानं ती सोय हलली होती. ऊर्सुलामावशीनं निदान तोंडावर सांगितलं. बाप सूप वाढतो, गाजराबद्दल बोलतो आणि मफलरला इस्त्री करतो. जिन्यात तो क्षणभर थांबला, उजव्या गुडघ्यातली नेहमीची कळ येऊन जाईपर्यंत. मग खाली उतरला.

स्टेडियमच्या फाटकापाशी हात आपोआप डावीकडे वळले आणि व्हॅन यजमानांच्या पिटकडे निघाली. शेजारी बसलेल्या क्लेमेन्सनं स्टीअरिंगला धक्का दिला. क्लेमेन्स त्याचा मेकॅनिक. इंजिनाखेरीज दुसरं काही मनावर न घेणारा माणूस. "उजवीकडे, मालक. आज आपण पाहुणे." फाटकावरचा रखवालदारही हसला. "या, या! तुमच्या कपाटात आम्ही आता बटाटे ठेवलेत." "कुजतील," सेवेरिन ओरडला, "तिथं मी बूट ठेवायचो!" छातीवर झार्नूवचं बोधचिन्ह, जातं, होतं. चौदा वर्षं तिथं वार्तोवचं पाणमांजर होतं, आणि आरशासमोरून जाताना त्याला अजूनही दर वेळी वाटायचं की कुणी दुसराच आपल्या आधी आरशात शिरला आहे. प्रत्येक शर्यतीत चार रायडर: यजमानांच्या दोघांना लाल आणि निळं हेल्मेट, पाहुण्यांच्या दोघांना पांढरं आणि पिवळं. या ट्रॅकवर पिवळं हेल्मेट त्यानं आजवर फक्त मागून किंवा पुढून बघितलं होतं, आतून कधीच नाही.

सामन्याआधी सगळे रायडर ट्रॅक चालून बघतात. तो दुसऱ्या वळणावर टाचेनं खडी उकरत उभा होता, तेव्हा रेमेक शेजारी येऊन थांबला. चष्मा नव्या फ्रेमचा. दोघंही खाली बघत होते.

"बाहेर कोरडं ठेवलंय," सेवेरिन म्हणाला. "पाण्याचा टँकर आतूनच फिरवलाय. माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच."

"म्हणजे घाबरता अजून."

"तू तिकडं गेल्यापासून जास्तच बोलायला लागलास." रेमेकनं एक ढेकूळ बुटानं फोडलं. मग आवाज न चढवता म्हणाला, "शहर सोडलंस, ते सोड. शहराला दुसरा कुणी मिळेल. मी आतल्या रेघेवर जातो आणि बाहेर इंजिनाचा आवाज ऐकतो, सेवेक. तिथं आता जो येतो तो काय करणार आहे, मला कळत नाही. दर वेळी मान वळवून बघावं लागतं. मान दुखते माझी." आणि उत्तराची वाट न बघता तो निघून गेला. सेवेरिन तिथंच उभा राहिला. या माणसाला मी सोडलं, असा विचार त्याच्या मनात आजवर आला नव्हता. शहर, क्लब, टाळ्या, हे सगळं त्यानं सोडलं होतं. रेमेक हा त्याच्या हिशेबी सोडण्यासारख्या गोष्टींत नव्हताच, जसा आपला डावा हात नसतो. पण दुसऱ्या वळणावर फार वेळ उदास उभं राहता येत नाही. ट्रॅक सपाट करणारा ट्रॅक्टर आला आणि भोंगा वाजवून त्याला हाकललं.

शिट्ट्यांबद्दल त्याला कल्पना होती, तरी पहिल्या शर्यतीला तो बाहेर आला तेव्हा आवाज अंगावर भिंतीसारखा पडला. "विकलेला! विकलेला!" समोरच्या स्टँडवर चादरीएवढा फलक होता: सेवेक, तुझी खुर्ची सरपणाला दिली. त्यानं हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसून घेतलं. पण गंमत पुढं होती. सुरुवातीची फीत वर उडाली, क्लच सुटला, आणि त्या शिट्ट्यांतूनच त्याचं शरीर असं काही जागं झालं की पहिलं वळण त्यानं विचार न करता घेतलं. पहिला आला. पुढच्या शर्यतीत दुसरा, त्याच्या पुढच्या शर्यतीत पुन्हा पहिला. दर वेळी शिट्ट्या वाढत होत्या. लहानपणी आई मारायला धावायची तेव्हा तो असाच पळायचा, जिवाच्या आकांतानं आणि आतून खिदळत. डोळ्यातला सकाळचा खडा मात्र अजून होता. पिटमध्ये गॉगल काढला की त्याची नजर आपोआप दुसऱ्या वळणावरच्या स्टँडकडे जायची. हिरव्या मफलरांच्या गर्दीत बाप कुठं आहे ते तिथून ओळखता येत नव्हतं.

चौदा शर्यती झाल्या तेव्हा झार्नूव दोन गुणांनी मागे होतं. उरली शेवटची शर्यत; पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. बरोबरी साधायची तर सेवेरिननं पहिलं यायला हवं होतं आणि त्याच्या जोडीदारानं निदान तिसरं. झार्नूवचा कोच समोर येऊन उभा राहिला. "रेमेक पहिल्या जागेवरून सुटणार, सगळ्यात आतून. तुला चौथी उरलीय, बाहेरची. आणि बाहेर कोरडं आहे. कंबर कशी आहे?"

"कंबर कुणाची?" सेवेरिन म्हणाला.

क्लेमेन्स मागच्या चाकाशी वाकून म्हणाला, "मालक, मागच्या चेनचक्रीचा एक दात कमी केलाय. सुरुवातीला जड वाटेल, तक्रार करू नका."

फितीपाशी चार गाड्या. इंजिनांच्या कंपानं दातांत मुंग्या आल्या. डावीकडे, दोन गाड्या सोडून पलीकडे, लाल हेल्मेट. रेमेक समोर बघत होता. फीत उडाली. क्लेमेन्सनं सांगितलं तसं जड वाटलं, अर्धा क्षण, आणि तेवढ्यात रेमेक पुढं. सेवेरिननं बाहेरून झेप घेतली, कुंपणाच्या दिशेनं, आणि तिथं नेहमी असायची ती जागा नव्हती. रेमेक आतली रेघ सोडून, गाडी आडवी करत, सरळ त्याच्या अंगावर येत होता. इतक्या वर्षांत तो कधी रेघेपासून एवढा दूर आला नव्हता. हँडलला हँडल लागलं. उजव्या कोपराला कुंपण घासून गेलं. चामड्याचा वास आला. गॅस सोडावासा वाटला, आणि सोळाव्या वर्षी ऐकलेलं ते हाडांनाच आठवलं, त्यानं गॅस दिला. गाडी थरथरत, तिरकी होत, कशीबशी त्या फटीतून निघाली, पण तोपर्यंत निळ्या हेल्मेटवालाही पुढं गेला होता. तिसरा. या ट्रॅकवर, पुन्हा तिसरा. आणि आता त्याला कळलं की स्टँड ओरडतोय आणि त्या ओरडण्यात माया नावालासुद्धा नाही. छातीत काहीतरी मोकळं झालं. रेमेकनं जागा दिली नव्हती. रेमेकनं त्याला कुंपणात घालायचा खराखुरा, मनापासूनचा प्रयत्न केला होता. एवढा मान गेल्या दोन वर्षांत त्याला कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या फेरीत त्यानं निळ्याला बाहेरून गाठलं. कोरडी खडी पायाखालून पळत होती, मागचं चाक साबणावर असल्यासारखं सुटत होतं, एकदा तर गाडी जवळजवळ उलटी फिरली आणि त्यानं डाव्या पायाच्या लोखंडावर सगळं वजन घेऊन ती ओढून आणली. निळा मागे पडला आणि थोड्याच वेळात सेवेरिनच्या जोडीदारानंही त्याला मागे टाकलं. आता पुढं फक्त लाल. तिसऱ्या फेरीत त्यानं दोनदा बाहेरून धडक मारली. दोन्ही वेळा रेमेक त्याच्या आधी तिथं होता. अर्थातच. सेवेरिनच्या इंजिनचा आवाज चढला की तो कुठं जाणार हे रेमेकला वळून न बघता कळत होतं. अजूनही. ते लक्षात आलं आणि सेवेरिनचे डोळे गॉगलच्या आत भरून आले, आणि त्याच वेळी, तितक्याच लख्खपणे, दुसरंही लक्षात आलं: बाहेरची वाट राखायला रेमेक रेघेपासून दूर आलाय. आत जागा आहे. त्या जागेकडे तो बघणार नाही, कारण ती त्याची स्वतःची जागा आहे, तिथून कुणी येईल हे त्याच्या डोक्यातच येणार नाही. शेवटची फेरी, शेवटचं वळण. सेवेरिननं नेहमीसारखा गॅस चढवला, बाहेर निघाल्यासारखा खांदा टाकला; लाल हेल्मेट बाहेर सरकलं. आणि तो आत शिरला. चौदा वर्षांत जिथं त्याचं चाक कधी गेलं नव्हतं त्या पांढऱ्या रेघेवर, ओल्या, चिकट, रेमेकच्या खडीत. चाक चावलं. गाडी ताठ झाली आणि सुटली. अंतिम रेषा पार करताना तो अर्ध्या चाकानं पुढं होता.

सामना बरोबरीत सुटला. दोन्ही शहरांच्या हाती काही लागलं नाही, आणि अख्खं स्टेडियम त्याबद्दल त्याच्यावर संतापलं. शिट्ट्यांनी कान बधिर झाले. तो सावकाश फेरी मारत होता तेव्हा रेमेक शेजारी आला, हातमोजा काढला आणि त्याच्या हेल्मेटवर चापट मारली. चांगली जोरात, डोकं हललं.

"चोरा," तो ओरडला. "माझ्या रेघेवरून?"

"तू मला कुंपणात घालत होतास!"

"घालतच होतो!" रेमेकचा चेहरा मातीनं काळा, फक्त गॉगलच्या जागी दोन गोरी वर्तुळं. तो हसत होता की काय हे सांगणं कठीण होतं. "गुरुवारी शेडमध्ये ये. सांगतो तुला, आतून जाताना किती घाणेरडा जातोस ते."

दुसऱ्या वळणापाशी सेवेरिननं गाडी जवळजवळ थांबवली. आता बाप दिसला. कठड्याला टेकून उभा, गळ्यात हिरवा मफलर, आणि दोन बोटं तोंडात घालून, गाल फुगवून, जीव तोडून शिट्टी मारत होता. आजूबाजूच्या कुणाहूनही जोरात. नजर थेट मुलावर. सेवेरिन ताठ बसला. त्यानं हात वर केला नाही, मान झुकवली नाही. तो फक्त तिथं राहिला, बापाच्या शिट्टीचा दम संपेपर्यंत.

तासाभरानं म्हातारा पाहुण्यांच्या फाटकाशी आला. आवाज पार बसला होता.

"दुसऱ्या फेरीत वाटलं, पडतोस."

"मलाही वाटलं. बाबा, जानेवारीपासून तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? तू तिसरा येऊन हात हलवत फिरायचास, ते मला बघवत नव्हतं. जाशील तर बरं, असं वाटायचं. पण गेलास तो झार्नूवला. त्यात बोलण्यासारखं काय उरतं?" तो खाकरला. "आज चांगला धावलास. फार राग आला मला."

"बसा व्हॅनमध्ये. घरी सोडतो."

बापानं व्हॅनच्या अंगावरचं माणूसभर मोठं जातं वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यात? मेलो तरी नाही. मी ट्रामनं जाणार."

सेवेरिननं किल्ल्या क्लेमेन्सकडे टाकल्या आणि धुळीनं माखलेल्या चामडी कपड्यांतच बापामागोमाग निघाला. थांब्यावर सगळा हिरवा समुद्र. ट्राम आली, दारं उघडली, म्हातारा शिरला, मागून तोही शिरला, आणि डब्यातली डोकी त्याच्याकडे वळली. कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे, हा इथं कसा?" दुसरा कुणी म्हणाला, "हिंमत बघा." बाप दांड्याला धरून खिडकीबाहेर बघत होता. सेवेरिनला समोरच्या सगळ्या चेहऱ्यांवर एकाच वेळी नजर टाकता आली. तो तसाच उभा राहिला, आणि आपण खिशात हात घातलेले नाहीत हे त्याला जाणवलंही नाही. ट्राम हलली. मग मागून पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या एका जाड बाईनं त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"ए पिवळ्या, दारात काय उभा राहिलास खांबासारखा? पुढं सरक की. बाकीच्यांनाही घरी जायचंय."

"सरकतो, मावशी," सेवेरिन म्हणाला, आणि माणसांच्या गर्दीत आत सरकला.